वायुभार तोलणारे घड्याळ

मावळातील शिरगाव हे पवनेच्या खोऱ्यातले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसले आहे, आणि त्याच्या पश्चिमेकडे लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे जे चार दुर्ग उभे आहेत त्यांतील प्रत्येकाचा माथा हजार मीटरांची रेषा जेमतेम ओलांडतो. तेव्हा गावच्या पारावरून अजस्र भासणारा डोंगर, हिशेबाला बसले म्हणजे, पारापेक्षा साडेचारशे-पाचशे मीटरच काय तो उंच भरतो. या मापाने आरंभ करण्याचे कारण असे की, ज्या मनगटी घड्याळाची हकीकत येथे सांगावयाची आहे, ते १९६२ साली स्वित्झर्लंडात आल्प्सच्या आरोहकांसाठी निर्माण झाले असले, तरी त्याच्या तबकडीवरील उंचीची मोजणी अवघ्या ३००० मीटरांची होती. आल्प्सच्या थोर शिखरांना ती अपुरी पडावी आणि हिमालयाच्या बाबतीत तर तिचे नावच काढू नये. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, १६४६ मीटरांचे, ते त्या तबकडीच्या निम्म्याहून किंचित अधिक भागात सहज सामावते. म्हणजे ज्यांच्यासाठी ते घडले त्यांच्यापेक्षा आमच्या सह्याद्रीच्याच अंगाला ते अधिक नेमके बसणारे होते; आणि ज्या घराण्याने ते घडविले त्याची पेढी तर मुंबईत जवळजवळ शंभर वर्षे रुजलेली होती. असे असून ते घड्याळ मावळात प्रचारात आले नाही, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

गिर्यारोहणाचे घड्याळ म्हटले की आजही लोकांना आठवते ते १९५३ साल. त्या वर्षी २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेथे सुमारे पंधरा मिनिटे राहिले आणि उतरू लागले; आणि ते खाली येतात न येतात तोच त्यांच्या मनगटांवरून दोन कारखान्यांत चढाओढ सुरू झाली. स्वित्झर्लंडच्या रोलेक्स कंपनीने मोहिमेला घड्याळे पुरविली होती, इंग्लंडातील चेल्टनहॅमच्या स्मिथ्स कारखान्यानेही पुरविली होती, आणि दोघांनीही आपापल्या जाहिरातींतून शिखर आपल्या नावे खाती चढविले. पुराव्याचा कौल स्मिथ्सच्या बाजूने पडतो. हिलरीच्या हातावरचे ते घड्याळ लंडनच्या घड्याळजींच्या जुन्या संघाच्या संग्रहात आजही जपलेले आहे. परंतु लौकिकाचे न्यायासन निराळे असते. रोलेक्सने त्याच वर्षी ‘एक्सप्लोरर’ हे नाव आपल्या दफ्तरी नोंदवून घेतले, आणि काळ्या तबकडीचे, ३, ६ व ९ हे ठळक आकडे मिरविणारे ते घड्याळ पुढे अनेक वर्षे पर्वताचे प्रतीक म्हणून विकले गेले. जपानच्या सेइको कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशातील डोंगरभटक्यांसाठी ‘अल्पिनिस्ट’ नावाचे घड्याळ काढले, तेही याच परंपरेतले.

या घड्याळांचा पर्वतावर उपयोग नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर हिलरी पोहोचला तेव्हा प्राणवायूची एकेक नळकांडी संपून गेली होती आणि प्रत्येकापाशी एकच भरलेली उरली होती. तीत ८०० लिटर वायू, मिनिटाला ३ लिटर खर्च, म्हणजे साडेचार तासांची शिदोरी, हा हिशेब त्याने त्या विरळ हवेत मनातल्या मनात केला, आणि असल्या हिशेबाची सारी भिस्त मनगटावरच्या मिनिटकाट्यावर असते. थंडीने आतले तेल घट्ट होऊन काटा अडला तर तो हिशेब बुडाला. म्हणून अशा घड्याळांत कडाक्याच्या थंडीतही न गोठणारे तेल घालावे लागे. तथापि एवढे मान्य करूनही असेच म्हणावे लागेल की, ही सगळी घड्याळे पर्वतावर नेण्याजोगी होती इतकेच; पर्वताविषयी त्यांना स्वतःला काही ठाऊक नव्हते. त्यांच्या पोटात वेळ होती, उंची नव्हती. पर्वताचे नाव धारण करणे आणि पर्वताचे काम करणे यांतील अंतर ज्या एका घड्याळाने त्या काळात तोडले, ते फेवर-ल्यूबा घराण्याचे ‘बिव्हॉक’ होय, आणि म्हणूनच बाजारात त्याचा बोलबाला एक्सप्लोररच्या शतांशही नसला तरी प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासात त्याचे आसन वरचे आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष आब्राहाम फेवर हा १७३७ साली ल लोक्ल या स्विस गावी घड्याळजी म्हणून नोंदला गेला. इकडे वसईचा रणसंग्राम पेटला तेच ते वर्ष. १८१५ साली ल्यूबा हे दुसरे नाव त्याच्या वंशजांच्या नावाला जोडले गेले. पुढे १८६५ च्या सुमारास फ्रिट्झ फेवर याने हिंदुस्थानची वाट धरली, आणि ज्या मुंबईत तो धंद्यासाठी उतरला ती मुंबई त्या वेळी एका विलक्षण नशेतून जागी होत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, दख्खन-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चार वर्षांत या शहरात इतका पैसा ओतला गेला की समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग छापील कागदाच्या वेगाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि त्या वर्षाच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तो सारा डोलारा कोसळला. सावकार बुडाले, पेढ्या बसल्या. पण बंदर राहिले, आगगाडी राहिली, आणि वेळ पाहून वागण्याची जी नवी गरज या दोहोंनी उत्पन्न केली तीही राहिली. घड्याळ विकणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

ती गरज कशी उत्पन्न झाली हे पाहावयाचे तर मावळाकडेच वळले पाहिजे. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला होता. परंतु घाटाचा खरा कायापालट केला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले: पावणेसोळा मैलांपेक्षा किंचित अधिक लांबी, त्यात १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि खंडाळ्याजवळ गाडीचे तोंड उलटे फिरविणारे ते प्रसिद्ध स्थानक, जे पुढे १९२९ च्या सुमारास विद्युतीकरणाबरोबर निकामी झाले. तोवर मावळच्या कुणब्याची वेळ आभाळात होती. दिवस कासराभर वर आला की नांगर जुंपावा, सावली पायाशी आली की भाकरी सोडावी. आणि लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशीबुवांचे घटिकापात्र, जे चोवीस मिनिटांत बुडाले की एक घटिका भरे, एवढ्यावर सारे निभावत असे. रेल्वेला ही मोघम वेळ चालेना. तिने सर्व मार्गांसाठी मद्रासची वेळ मुक्रर केली, जी मुंबईच्या स्थानिक वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे होती. म्हणजे मुंबईकर प्रवासी घरून निघे एका वेळेने आणि गाडीत बसे दुसऱ्या वेळेने. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या मुलखाला एक प्रमाणवेळ लावली तेव्हा गिरणी कामगारांनी दंगा केला, आणि मुंबईच्या महापालिकेने तर प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ हट्टाने १९५५ पर्यंत चालविली. अशा द्विधा कारभारात कनवटीला किंवा मनगटाला घड्याळ बाळगणे हा शौक राहिला नाही. आणि मुंबईतील विलायती पेढ्यांनी त्याचा पुरेपूर लाभ उठविला. १८८६ साली त्याच शहरात वेस्ट एंड वॉच कंपनी निघाली, तिने आपल्या एका घड्याळाला ‘सोवार’ हे आमच्या घोडदळातले नाव देऊन ते पलटणींत खपविले. फेवर-ल्यूबाची तर पुढे अशी ख्याती झाली की, स्वातंत्र्योत्तर काळात त्यांचे ‘सी-चीफ’ किंवा ‘सी-किंग’ घड्याळ जावयाला मिळाले म्हणजे लग्नघरची इभ्रत राखली गेली असे समजत.

आता ज्या विद्येवर बिव्हॉक उभे राहिले तिच्याकडे वळू. हवेला वजन आहे आणि जसजसे वर जावे तसतसे ते उणे होत जाते, हे सतराव्या शतकात युरोपात सिद्ध झाले. १६४८ साली पास्कालच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील एक डोंगर चढून पारा खाली येतो हे प्रत्यक्ष दाखविले. ही विद्या आमच्या प्रांतात आणणारांत विल्यम हेन्री साईक्स याचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. पेशवाई बुडविणाऱ्या मोहिमेत कंपनी सरकारच्या बाजूने लढलेला हा लष्करी अधिकारी. परंतु १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी गोळा करण्याच्या कामी नेमले, तेव्हा जमीन, पिके, जाती, पक्षी, मासे, खडक आणि हवा यांतील काहीही त्याने वर्ज्य मानले नाही. त्याने वायुभारमापकाने दख्खनच्या उंचीची मोजणी केली, आणि पाऱ्याची नाजूक नळी खेचराच्या पाठीवर फुटण्याचा धोका ओळखून पुढे साध्या तापमापकाने, पाणी कोणत्या अंशाला उकळते ते पाहून, उंची काढण्याची रीतही पुरस्कारिली. लोणावळ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, आणि साधारण तीनशे मीटर चढलो की उकळबिंदू एक अंशाने उतरतो, हे तिचे सूत्र.

परंतु साईक्सच्या कामातील जो भाग आमच्या विषयाला अगदी लागू पडतो तो निराळाच आहे. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, दख्खनमध्ये हवेला समुद्रासारखीच भरती-ओहोटी असते: सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास पारा चढतो, दुपारी चार-पाचला आणि पहाटे चार-पाचला उतरतो, आणि हा क्रम नित्य चालतो. युरोपच्या वादळी हवेत ही सूक्ष्म लय बुडून जाते. आमच्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात ती आरशासारखी स्वच्छ दिसते. पुढे हिंदुस्थानचे हवामानखाते १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले आणि पुणेकरांनी त्याच्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ हे नाव कायमचे चिकटविले; त्या कचेरीला जी हवा मोजावयाची होती तिची नाडी शंभर वर्षांपूर्वीच याच पठारावर एका कर्नलाने तपासून ठेवली होती.

पारा मनगटावर बांधता येत नाही. ती अडचण १८४४ च्या सुमारास व्हिदी या फ्रेंच गृहस्थाने दूर केली. त्याने आतली हवा काढून घेतलेली, चपट्या कुंकवाच्या डबीसारखी धातूची पोकळी केली, जिचे पातळ झाकण बाहेरच्या हवेच्या भाराने दबते आणि भार उतरला म्हणजे फुगते. ती हालचाल तरफांनी वाढवून काट्याला दिली की निर्द्रव वायुभारमापक तयार होतो. खिशात मावणारी अशी यंत्रे एकोणिसाव्या शतकातच निघाली आणि सर्व्हे खात्याच्या लोकांनी ती हिमालयभर फिरविली. पण तीच डबी, ज्यात आधीच चक्रे, कमान आणि तोलचक्र कोंबलेले आहे अशा मनगटी घड्याळाच्या पोटात बसविणे, आणि तेही काट्यांच्या चालीत व्यत्यय न आणता, ही १९६२ पर्यंत कोणाला न साधलेली गोष्ट होती. बिव्हॉकमध्ये वेळेच्या काट्यांबरोबरच एक लाल काटा दिसतो. तबकडीभोवतीचे कडे फिरते आहे. निघताना त्या जागेची ठाऊक असलेली उंची कड्यावर लाल काट्यासमोर आणावयाची, आणि मग चढता चढता तो काटा आपल्या आपण नवी उंची दाखवीत जातो. जागचे हलावयाचे नसेल तर तोच काटा हवामानाचा दूत होतो: रात्री तळावर झोपताना जेथे होता तेथून पहाटे तो वर सरकलेला दिसला, म्हणजे डोंगर वाढला नाही, हवेचा भार घटला, वादळ येत आहे. उंच कड्यावर अडकलेल्या माणसाला वेळ कळण्यापेक्षा ही वार्ता कळणे कितीतरी मोलाचे असते.

या घड्याळाच्या वाट्याला लवकरच योग्य मनगट आले. वॉल्टर बोनात्ती हा इटालियन आरोहक १९५४ च्या के-टू मोहिमेत हुंझाचा भारवाहक महदी याच्यासह सुमारे ८१०० मीटरांवर, तंबूवाचून, उघड्या बर्फात एक रात्र काढून जिवंत परतला होता. महदीने त्यात पायांची बोटे गमावली, आणि त्या रात्रीच्या दोषाचा वाद इटलीत पुढे पन्नास वर्षे चालला. उघड्यावर काढलेल्या अशा रात्रीचेच नाव ज्या घड्याळाला दिले होते ते हाताला बांधून बोनात्तीने १९६४ च्या ऑगस्टात मिशेल व्होशे या स्विस सोबत्यासह ग्रांद झोरासच्या उत्तर भिंतीवरील व्हिंपर शिखराची दुर्घट वाट प्रथमच चढून दाखविली. पुढल्याच वर्षी मॅटरहॉर्नची उत्तर भिंत भर हिवाळ्यात एकट्याने चढून त्याने कठीण आरोहणाला रामराम ठोकला.

इकडे महाराष्ट्रात काय चालले होते? मुंबईत १९५४ साली गिरिविहार ही संस्था निघाली होती; लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या, म्हणजे इंग्रजांच्या ‘ड्यूक्स नोज’च्या, कड्यावर दोर लावून सराव करणारी तरुण मंडळी होती; तळेगावात गो. नी. दांडेकरांसारखा दुर्गांचा वारकरी राहत होता, ज्यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’ने या खोऱ्याला मराठी कादंबरीत आणले. गिऱ्हाईक नव्हते असे नाही. अडले ते परवान्यापाशी. १९५७ च्या सुमारास परकी चलनाची गंगाजळी आटली, आयातीवर निर्बंध कडक झाले, आणि विलायती घड्याळ ही चैनीची वस्तू ठरून तिच्यावर जबर जकात बसली. १९६१ साली बंगलोरला एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने कारखाना काढला, आणि ‘जनता’ नावाचे किल्लीचे घड्याळ सामान्य माणसाच्या हातावर चढविले. ते उत्तम होते, टिकाऊ होते, पण डोंगर त्याच्या पत्रिकेत नव्हता. ज्याला विलायतीच हवे त्याने मुंबईच्या बंदरात चोरवाटेने उतरणाऱ्या मालाकडे पाहावे, आणि त्या वाटेने येई तो लग्नात द्यावयाचा, सोनेरी पाण्याचा, चमकणारा माल. लाल काट्याचे, जाडजूड, हवेचा भार सांगणारे यंत्र धोका पत्करून आणील असा दर्यावर्दी कोण? अशा रीतीने ज्या पेढीची अर्धी कीर्ती मुंबईने घडविली तिचे सर्वांत बुद्धिमान अपत्य मुंबईच्या मागल्या अंगणातील डोंगरांना पारखे राहिले.

आणि आले असते तर? प्रस्तुत लेखकाला ही कल्पना करण्याचा मोह आवरत नाही. डेक्कन क्वीनमधला प्रवासी कर्जतला कडे जुळवून बसता तर खंडाळ्यास पोहोचेपर्यंत लाल काटा साडेपाचशे मीटर, म्हणजे तबकडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, त्याच्या डोळ्यांदेखत चढून गेला असता. आल्प्समध्ये जे सुख घामाने मिळते ते येथे तिकिटावर. शिरगावच्या गृहस्थाने मात्र ते घड्याळ जानेवारीत आपल्या घराच्या उंचीशी जुळवून खुंटीला टांगून ठेवले असते, तर आषाढात त्याला घर ऐंशी-नव्वद मीटरांनी उंच गेल्याचे आढळले असते, कारण या पठारावर हिवाळ्यात हवेचा जो भार असतो त्याहून पावसाळ्यात तो सुमारे दहा मिलिबारांनी घटतो, आणि एका मिलिबारामागे या उंचीवर जवळपास नऊ मीटरांची चूक पडते. युरोपात हे घड्याळ उद्याचे वादळ सांगे. मावळात त्याने अख्खा मोसम सांगितला असता.

पुढचा इतिहास थोडक्यात आटपतो. १९६९ च्या नाताळात सेइकोने विजेरीवर चालणारे स्फटिकाचे घड्याळ बाजारात आणले, आणि स्विस खोऱ्यांतील शेकडो कारखान्यांबरोबर फेवर-ल्यूबाचाही पाया खचला. ऐंशीच्या दशकात घराण्याच्या हातून पेढी गेली. नंतर मालक बदलत बदलत ते नाव २०११ साली टायटनकडे, म्हणजे टाटांच्या घरात आले, आणि २०१७ मध्ये त्यांनी ९००० मीटरांपर्यंत मोजणारे नवे बिव्हॉक सादर केले, ज्याच्या कक्षेत एव्हरेस्टही येते. तोवर महाराष्ट्राचे गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण यांना १९९८ साली आणि पुण्याच्या गिरिप्रेमींच्या चमूला २०१२ साली एव्हरेस्टचा माथा गाठून बरीच वर्षे लोटली होती, आणि उंची सांगण्याचे काम विजेरीच्या आकड्यांनी व उपग्रहांनी हाती घेतले होते. २०२३ मध्ये हे नाव पुन्हा विकले गेले, आणि घेणारीही भारतीय कंपनीच, एथॉस, निघाली.

जुने बिव्हॉक एखाद्या संग्राहकाकडे आज सापडते, आणि त्यातील डबीची निर्वात पोकळी टिकून असेल तर चालतेही. ते हाती आलेच तर मावळात त्याची परीक्षा घेण्याची सोय रेल्वेने करून ठेवली आहे, कारण आमच्या प्रत्येक स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मळवलीला सकाळी नऊच्या गाडीने उतरावे, पाटीवरचा आकडा कड्यावर जुळवावा, भाज्यावरून गायमुखाच्या खिंडीने लोहगड चढून यावा आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा त्याच पाटीखाली उभे राहावे. निरभ्र हिवाळ्याचा दिवस असेल तर लाल काटा सकाळच्या खुणेपेक्षा पंचवीस-तीस मीटर वर आढळेल. घड्याळजीकडे जाण्याचे कारण नाही. ती साईक्सची दुपारची ओहोटी होय.